पावलीचा आवाज

'क्वीन' या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारचा दांडा एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढलेला आहे. लाकडाला किड्यांनी पाडलेली भोकं त्याने काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, तर त्याच्याच दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. फेंडर-गिब्सन परवडण्यासारखी नव्हती, म्हणून १९६३ मध्ये शाळकरी वयातच त्याने वडिलांना हाताशी घेऊन ती घरी बनवायला घेतली. हीच 'रेड स्पेशल'. पुढे क्वीनच्या बहुतेक सगळ्या रेकॉर्डवर तीच वाजली. असल्या जुगाडाचा आवाज आजच्या डिजिटल डब्यातून काढणं सोपं जाईल, असं निदान मला तरी वाटलं होतं.

माझ्याकडे साधी तीन पिकअपची, स्ट्रॅटच्या धर्तीची गिटार आहे, एक मल्टिइफेक्टचा डिजिटल डबा आहे आणि हेडफोन. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये यापलीकडे काही चालत नाही. मे वाजवतो तो व्हॉक्स एसी ३०, म्हणजे तीस वॅटचा व्हॉल्व्ह अँप, आणि तोही व्हॉल्यूम पूर्ण उघडून. आमच्या सोसायटीत तो उघडला तर दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दारात.

डब्यात सगळं हजर होतं. एसी ३० चा नॉर्मल चॅनल होता, त्याच्या निळ्या सेलेस्टियन स्पीकरची आयआर, म्हणजे माइक लावून टिपलेली स्पीकरची ध्वनिछाप, होती आणि अँपच्या आधी लावायला ट्रेबल बूस्टरही होता. मेच्या आवाजात या बूस्टरला फार मान आहे. तो खर्ज छाटतो आणि वरचे स्वर जोरात अँपवर ढकलतो. त्यामुळे अँप कितीही फाटला तरी आवाजाचा चिखल होत नाही, प्रत्येक स्वर सुटा राहतो. मी सगळे ठोकळे क्रमाने मांडले आणि वाजवलं. आवाज ओळखीचा होता, पण ताठ होता. गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतला की खरी फजिती. मेची सगळी कसरत गिटारवरच्या त्या एका बटणावर चालते. पूर्ण उघडलं की सोलोची किंकाळी, थोडं मिटलं की त्याच अँपमधून स्वच्छ, नितळ आवाज. माझ्याकडे बटण मिटलं की आवाज स्वच्छ होण्याऐवजी नुसता मलूल व्हायचा.

बरेच दिवस मी इक्वलायझर इकडेतिकडे फिरवत बसलो. मग लक्षात आलं की गोष्ट आवाजाच्या रंगाची नसून जोडणीची आहे. जुन्या पद्धतीच्या बूस्टरचा इनपुट इम्पिडन्स कमी असतो. तो पिकअपच्या वेटोळ्यांवर भार टाकतो, त्यामुळे गिटार आणि बूस्टर मिळून एकच सर्किट बनतं. बटण फिरवलं की दोघांचाही स्वभाव एकदम बदलतो. डिजिटल डब्याचा इनपुट मात्र दहा लाख ओहमच्या घरात. तो गिटारला अदबीने दारातच थांबवतो, निरोप घेतो आणि आत जाऊन आकडेमोड करतो. पुढे बूस्टर आहे, हे गिटारला कळतच नाही. काही महागड्या डब्यांत हा भार बदलता येतो. माझ्यात नव्हता येत.

तेव्हा बूस्टर खराखुरा हवा होता. सर्किट फार मोठं नाही: एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, तीनचार रेझिस्टर, तेवढेच कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. साठच्या दशकातल्या रेंजमास्टर नावाच्या बूस्टरमध्ये ओसी ४४ ट्रान्झिस्टर असायचा, आता तो हौशी लोकांनी सोन्याच्या भावाला नेऊन ठेवलाय. मी तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारत फिरलो. बहुतेकांनी 'सिलिकॉन घ्या की' म्हणून वाटेला लावलं. रेडिओ दुरुस्त करणारे एक काका मात्र म्हणाले, "जर्मेनियम? अरे, ते गेले कधीच. थांब, बघतो." आणि एका मेलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटातून त्यांनी एसी १२८ उपटून दिले. "सगळे सारखे नसतात हां. मीटर लावून निवड."

खरंच नसतात. काही इतके गळके निघाले की नुसती खरखर. एक मात्र असा लागला की, बूस्टर जोडला, डब्यातला बंद केला, आणि पहिल्याच मींडेला गिटारला गळा फुटला. बटण निम्म्यावर आणलं तर स्वर निवळला. त्या रात्री जेवण गार झालं.

क्वीनमध्ये हे जर्मेनियमचं नातं मुळातच आहे. त्यांचा बेसवादक जॉन डीकन याला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं एक सर्किट बोर्ड सापडलं. ते त्याने छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि बॅटरीवर चालवलं. 'गुड कंपनी' या गाण्यात मेने या घरगुती अँपवर गिटारमधून अख्खा जॅझ बँड उभा केला.

गिटारच्या वायरिंगचंही थोडक्यात सांगतो. स्ट्रॅटमध्ये दोन पिकअप एकत्र वाजतात तेव्हा ते समांतर जोडलेले असतात, रेड स्पेशलमध्ये ते एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये. तसे जोडले की आवाज भरदार होतो आणि मधले स्वर पुढे येतात. एक स्विच आणि तासभराचं सोल्डरिंग, एवढ्यात काम झालं.

शेवटची गोष्ट नाण्याची. मे प्लास्टिकच्या प्लेक्ट्रमऐवजी इंग्लंडच्या जुन्या सिक्सपेन्सने वाजवतो. कडेच्या खाचा तारेवर घासल्या की स्वराच्या आरंभाला एक बारीक कुरकुर येते. बोटांत नाणं जरासं वळवलं तर ती वाढते किंवा नाहीशी होते. मी सिक्सपेन्स कुठून आणणार? आईच्या डब्यात मात्र पंचवीस पैशांची जुनी नाणी पडून होती. तांबं-निकेलची, एकोणीस मिलिमीटरची, कडेला खाचा असलेली पावली. सिक्सपेन्सही जवळजवळ तेवढाच आणि त्याच मिश्रधातूचा. २०११ मध्ये चलनातून गेलेली पावली माझ्या हातात पुन्हा कामाला लागली. पहिली तार तिने दोनदा तोडली, पण कुरकुर अस्सल आली.

एक उपद्रव राहिला. जर्मेनियम उन्हाला भितं. तापमान वाढलं की ट्रान्झिस्टरमधली गळती वाढते आणि बायस सरकतो. एप्रिलमध्ये दुपारी दोनला माझा बूस्टर घोगरा होतो, म्हणून रेकॉर्डिंग सकाळीच उरकतो. डब्यातल्या नकली बूस्टरला हे दुखणं नाही, हे त्याच्या बाजूने कबूल करायला हवं.

आणि फीडबॅक हेडफोनमध्ये येत नाही. रेड स्पेशल आतून काही ठिकाणी पोकळ आहे, अँपच्या आवाजाने तीच थरथरते आणि स्वर लांबवते. म्हणून एकदा तासाने मिळणारी सरावाची खोली घेतली, तिथल्या व्हॉल्व्ह अँपला बूस्टर जोडला आणि पावलीने एक लांब स्वर ओढला. माझी गिटार भरीव, तरी तिने तो धरला आणि सोडला नाही. खोलीवाला दार उघडून बघून गेला. मी व्हॉल्यूम आणखी एक खूण वर नेला.