साठीनंतरची सायकल

साठी ओलांडल्यावर आम्ही दोघांनी पुन्हा सायकली घेतल्या. एकाची साखर वाढलेली, दुसरीचे गुडघे कुरकुरणारे. फार चालवत नव्हतं. सायकलवर अंगाचा बराच भार सीट पेलतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम सांगते. फजरनंतर रोज २५ मिनिटं, जुम्याला सुट्टी, म्हणजे हिशेब जमला.

सोलापुरात विजापूर वेशीतून किल्ल्यापर्यंतचा रस्ता त्या वेळी मोकळा असतो. नडली ती लोकांची तोंडं. “चाचांचं ठीक आहे, पण चाचींनी या वयात, बुरख्यात?” चाची शाळेला सायकलनेच जायच्या, हे कुणाला आठवलं नाही. दोन दिवस घरी बसलो. तिसऱ्या दिवशी सुनेनेच हवा भरून दोन्ही सायकली दारात लावल्या.

परदा तसाच आहे. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असली की बुरख्याचा घेर अडकत नाही. सीटची उंची मात्र नीट लावून घ्यावी: पायडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. सीट फार खाली असलं तर उलट गुडघेच दुखतात. साखरेची औषधं घेणाऱ्याने खिशात दोन खजूर ठेवावेत.

रमजानात आम्ही तरावीहनंतर निघतो, चक्कर लहान घेतो.