आरशातले डोळे

२०१० सालची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. गणपतीला रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी जाण्याचा घरचा रिवाज होता. एरवी आम्ही एस.टी.ने जात असू. पण त्या वर्षी बाबांनी मोटार घेतली होती आणि तिच्यातूनच आम्ही पुण्याहून कोकणात उतरणार होतो. त्या आनंदात आदल्या दिवशी मला भूकही लागली नाही.

प्रवासाची सारी तयारी आजीने केली. पावसाळ्यात बाहेरचे पाणी आणि उघड्यावरचे पदार्थ पोटाला बाधतात, असे ती नेहमी म्हणे. म्हणून तिने पाणी उकळून, गार करून बाटल्यांत भरले. दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या व त्यांच्याबरोबर कोरडी चटणी बांधली. मीठ आणि साखर यांच्या पुड्या वेगळ्या ठेवल्या. "एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ," ती मला म्हणाली, "वाटेत कोणाला जुलाब झाले, तर आधी हे द्यायचे, हे ध्यानात ठेव." आईने विजेरी आणि औषधांचा डबा घेतला. इतक्या बारकाईने सारे ठरले. पण एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नाही. ती म्हणजे बाबांची झोप!

बाबा रात्री दहा वाजता कचेरीतून परतले, अकराला निजले आणि दोनला उठले. सकाळी अकरा वाजता मूर्तीची प्रतिष्ठापना त्यांच्याच हातून व्हायची होती. तीन वाजता आम्ही निघालो. आईने मागे बसलेल्या आजीला आणि मलाही पट्टे बांधायला लावले. मी कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली, "गाडी एकदम थांबली, तरी आपले शरीर थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे जाते. पट्टा त्याला धरून ठेवतो."

अंधारातच सातारा मागे पडले. कऱ्हाड सोडून आम्ही शाहूवाडीच्या वाटेला लागलो. पाठीमागे पूर्व उजळू लागली होती. दोन्ही बाजूंना उसाचे मळे होते. आई आणि आजी यांचा डोळा लागला होता. मी एकटाच जागा होतो. समोरच्या लहान आरशात मला बाबांचे डोळे दिसत होते. पाहता पाहता त्यांच्या पापण्या खाली आल्या आणि दचकून वर गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले.

बाबांना झोप येत आहे, हे मला कळले. पण बोलण्याचा धीर होईना. मोठ्यांना मुलांनी काय सांगायचे? शिवाय माझ्यामुळे पूजेला उशीर झाला, तर सारे गाव मला काय म्हणेल? मी गप्प राहिलो. त्याच क्षणी डावीकडची चाके डांबरी रस्ता सोडून खडीवर गेली. गाडी थरथरली. बाबांनी चटकन ती सावरली.

"बाबा, गाडी थांबवा. तुम्हाला झोप येते आहे," मी म्हणालो.

"काही नाही रे! जरा डुलकी लागली. काच खाली करतो, म्हणजे वारा लागेल."

"नाही, बाबा, थांबवा!" माझा आवाज रडवेला झाला होता.

आजी जागी झाली होती. ती शांतपणे म्हणाली, "थांबव गाडी. गणपती वाट पाहील."

पुढे एका चहाच्या दुकानासमोर मोकळे अंगण होते. तेथे गाडी लावून बाबा निजले ते चांगले दीड तास. गार वारा किंवा चहा यांनी झोप थोडी लांबते, जात मात्र नाही. तिच्यावर झोप हेच औषध. पुढे मी हिशेब करून पाहिला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून ५० मीटरचा प्रवास!

आंबा घाटात दाट धुके होते. आता बाबा ताजेतवाने होते. दिवे लावून ते अगदी सावकाश गाडी चालवीत होते. मी गोष्टीचे पुस्तक उघडले, तोच मला मळमळू लागले. आईने पुस्तक मिटवून दूरवर पाहायला सांगितले. वळणे कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवतात. पुस्तकावर खिळलेल्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. या गोंधळामुळेच गाडी लागते.

घरी पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. काका दारातच उभे होते. मी आजीच्या मागे लपलो. बाबांनी पायांवर पाणी घेतले आणि ते सर्वांसमोर म्हणाले, "उशीर माझ्यामुळे झाला. मला झोप येत होती. या पोराने सांगितले, म्हणून आम्ही सारे येथे उभे आहोत." काका काही बोलले नाहीत. त्यांनी मला जवळ ओढले आणि पूजेचे तबक माझ्या हाती दिले.

परतीच्या दिवशी बाबा पुरती झोप घेऊन उठले. उजाडल्यावर आम्ही निघालो. गाडी सुरू करण्यापूर्वी त्यांनी मागे वळून विचारले, "काय रे, आरशात माझे डोळे दिसतात ना तुला?"

आज मी स्वतः गाडी चालवितो. मागे पट्टा बांधून माझी मुलगी बसते. शिदोरी, पाणी, औषधे यांची आठवण मला आई करून देते. मुलीला मात्र मी निघताना तोच प्रश्न विचारतो. ती "हो" म्हणाली, की मगच गाडी फाटकाबाहेर काढतो.