जर्मनची वही

पुण्यात जर्मन शिकणाऱ्याला 'कुठवर आलं?' असं विचारलं की 'बी-वन चालू आहे' असं उत्तर येतं. ए-वनपासून सी-टूपर्यंतच्या या सहा पायऱ्या युरोपभर सारख्याच. जर्मनीत असलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं तर २००७ पासून साधारणपणे ए-वनचा दाखला लागतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि या पायऱ्यांची चर्चा आयटीवाल्यांच्या घरांपलीकडेही पोचली. दाखल्यासाठी भाषा शिकण्यात गैर काहीच नाही. पण दाखल्याची भाषा आणि तिथल्या घरात रविवारी संध्याकाळी चालणारी भाषा यांत अंतर पडतं. ते कमी करणारी बहुतेक साधनं शिकणाऱ्यांसाठी बनवलेलीच नसतात. त्यांच्याविषयी ही टिपणं.

*

जर्मन आकडे इंग्रजीत मोजायची सवय लागलेल्यांना छळतात, कारण एकक आधी आणि दशक मागून. मराठी कानाला यात नवल नाही: एकवीस, बावीस, तेवीस. एकोणतीस ही मात्र आपली खोड. जर्मन माणूस तिथे सरळ 'नऊ आणि वीस' म्हणतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला. जर्मनीतही मुलं २१ आणि १२ची गल्लत करतात म्हणून 'वीस-एक' म्हणू द्या, असा आग्रह धरणारी संस्था आहे. 'त्स्वान्त्सिगआइन्स' हेच तिचं नाव. तिथेही बाजारात कोणी तसं म्हणत नाही.

*

तीन लिंगं आपल्याला जड नाहीत. जड जातं ते हे की मराठीचं लिंग जर्मन नामाला चालत नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते हे ऐकून वर्गात हमखास हसू पिकतं. गोव्याकडच्या विद्यार्थ्याने हसायचं कारण नाही. कोंकणीत 'तें चेडूं'च असतं.

*

डॉइच वेले ही १९५३ पासून चाललेली, सरकारी पैशावरची प्रसारणसंस्था. तिच्या 'निकोस वेग' या फुकट अभ्यासक्रमात निको नावाचा स्पॅनिश तरुण विमानतळावर बॅग हरवून बसतो आणि अनोळखी लोकांच्या मदतीने पुढे सरकतो. व्याकरण नीट आहेच, पण पात्रं बघावीत. तो राहतो ते घर तीन-चार जणांनी मिळून भाड्याने घेतलेलं. त्याची मैत्रीण सेल्मा सीरियातून आलेली. पुस्तकातलं आई-बाबा-दोन मुलांचं चौकोनी कुटुंब इथे नाही. आजच्या जर्मन शहरात पाय ठेवणाऱ्याला ही माणसं आधी भेटतील.

डॉइच वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्याही आहेत, सोबत छापील मजकूर. आधी ऐकावं, मग वाचावं, मग पुन्हा ऐकावं. उलट केलं तर डोळे काम करतात आणि कान झोपतात.

*

रात्री आठला 'टागेसशाउ'. १९५२ पासून चालू, पंधरा मिनिटं, निवेदकाचा स्वर सपाट. चर्चा नाही, आरडाओरडा नाही. मराठी वाहिन्यांची सवय असलेल्याला हे बातमीपत्र आधी मिळमिळीत वाटतं. शिकणाऱ्याला तोच सपाटपणा वरदान. एकेक वाक्य सुटं ऐकू येतं.

रविवारी ते संपलं की सव्वाआठला 'टाटोर्ट', म्हणजे गुन्ह्याची जागा. १९७० पासूनची ही पोलिसी मालिका दर आठवड्याला शहर बदलते: कधी कोलोन, कधी म्युन्स्टर, कधी म्युनिक. कारण ती दाखवणारा एआरडी हा प्रादेशिक प्रसारणसंस्थांचा संघ आहे, आणि प्रत्येकीला आपलं शहर आणि आपले पोलीस पडद्यावर हवेत. जर्मनी संघराज्य आहे हे नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा इथे लवकर पटतं. बोलीही बदलते, बी-वनवाला म्युनिकच्या भागात हमखास अडखळतो. अनेक ठिकाणी लोक बारमध्ये जमून ही मालिका एकत्र बघतात. या सगळ्याचा खर्च घरटी वर्गणीतून निघतो, महिन्याला १८ युरोंहून थोडी जास्त. टीव्ही नसला तरी भरावी लागते, आणि त्यावर कुरकुर करणं हाही तिथल्या संस्कृतीचाच भाग.

*

लहान मुलांसाठीचा 'झेंडुंग मिट डेअर माउस' १९७१ पासून दर रविवारी सकाळी लागतो. पेन्सिल कशी बनते, ब्रेड कारखान्यात कसा फिरतो, असले विषय. सुरुवातीची ओळख जर्मनमध्ये होते, मग तीच एखाद्या परक्या भाषेत, आणि ती कोणती होती ते नंतर सांगतात. वस्तू कापली जाते, ओतली जाते, वाळवली जाते. कर्मणी प्रयोगाचा इतका सराव कुठलं पुस्तक देत नाही. प्रौढ माणसाने हा कार्यक्रम लाज सोडून बघावा. जर्मन प्रौढही बघतात.

*

ग्रिम बंधूंनी हाती घेतलेल्या जर्मन शब्दकोशाचा पहिला खंड १८५४चा, शेवटचा १९६१चा. दोघे भाऊ सुरुवातीच्या काही अक्षरांतच वारले. काम चालत राहिलं. आज तो इंटरनेटवर फुकट आहे. नवशिक्याला त्याचा उपयोग शून्य. नवशिक्याने 'डूडेन' हा कोश बघावा आणि शब्दासोबत लिंग आणि अनेकवचनही टिपावं.

*

रेक्लामची पुस्तिका तळहातावर मावते. ९ नोव्हेंबर १८३७ पूर्वी वारलेल्या लेखकांचं साहित्य १८६७ मध्ये स्वामित्वहक्कातून मोकळं झालं. लाइपझिगच्या रेक्लाम प्रकाशनाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वस्त माला काढली. पहिला क्रमांक गटेच्या 'फाउस्ट'चा. पुढे या पुस्तिका यंत्रात नाणं टाकूनही मिळू लागल्या. आज मूळ जर्मन पिवळ्या कव्हरात, द्विभाषिक नारिंगी. शाळेत जर्मन मुलं त्यांच्या समासात चित्रं काढतात. आपण 'फाउस्ट'ने सुरुवात करू नये. ग्रिमच्या गोष्टींनी करावी, वाक्यं पुन्हा पुन्हा तीच येतात.

*

वाचनाचा सर्वांत लहान धडा रस्त्यावर आहे. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९०च्या दशकात फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटर लांबीरुंदीच्या पितळी फरशा बसवायला सुरुवात केली. नाझींनी ज्यांना नेलं, त्यांनी स्वतःहून निवडलेल्या शेवटच्या घरापुढे. २०२३ मध्ये अशा फरशांची संख्या एक लाखावर गेली. मजकूर ठरलेला: इथे राहत होती, नाव, जन्मवर्ष, कधी नेलं, कुठे, मग काय झालं. ए-टूच्या विद्यार्थ्याला हे सगळं वाचता येतं. वाचायला वाकावं लागतं.

*

गोष्ट आधी मराठीत माहीत असली की जर्मन नाटक सोपं जातं. ब्रेख्तचं 'कॉकेशियन चॉक सर्कल' खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून मराठीत आणलं. विजया मेहतांच्या त्या प्रयोगामागे वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झही होते. 'थ्री पेनी ऑपेरा' १९२८ मध्ये बर्लिनला आलं आणि १९७८ मध्ये पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'तून आपल्याकडे. ब्रेख्तची वाक्यं तुटक, तोंडी बोलण्यातली. बी-टूच्या सुमारास त्याला हात घालायला हरकत नाही.

*

उलटा प्रवासही बघावा. गुंथर सोन्थायमर मूळचे उल्मचे, हायडेलबर्गला शिकवायचे. संस्कृत आणि धर्मशास्त्राचा अभ्यास असूनही ते धनगरांच्या वाड्यांवर गेले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. ज्यांनी पुस्तकं लिहिलेली नाहीत अशांकडून ते शिकले. जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाने तो ग्रंथ निदान चाळावा. विषय घरचा, भाषा परकी. शब्द अडला तरी वाट चुकत नाही.

*

एवढं सगळं फुकट किंवा स्वस्तात असताना क्लास कशाला? बोलायला. टीव्हीवरचा निवेदक आपलं ऐकत नाही, माउसही नाही. चुकलेली विभक्ती तिथल्या तिथे पकडणारं माणूस लागतं, आणि त्यासाठी फी द्यायला माझी हरकत नाही. मात्र त्या माणसापुढे बसताना आठवड्याभरात ऐकलेली एखादी बातमी, एखादा गुन्हा, एखादा कारखाना सोबत असावा. बोलायला काही असेल तरच चुकायला वाव मिळतो.