पंगतीतून उठविलेला विद्यार्थी

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे वा सोयाबीनचे वजन झाले की त्याची नोंद वहीत होते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अशी वही लिहिली जाते, तेथे एखाद्या मुलाने दुकानावर न बसता गोरगरिबांच्या मुलांना शिकविण्याचा मनोदय सांगितला, तर वडीलधारी मंडळी प्रथम एकच विचारतात : यातून मिळणार काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच समाजातील एका दांपत्याने आयुष्यभर मोजून दिलेले आहे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले, तेव्हा भाऊराव त्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्नानास नकार दिला आणि वसतिगृह सुटले. तेथील सूत्रे त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे भाऊरावांच्या हातून मॅट्रिकही झाली नाही.

याच लठ्ठ्यांच्या संदर्भात पुढे जे घडले, ते आपल्या घरांत फारसे सांगितले जात नाही. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले, छळ झाला. जुना हिशेब चुकता करावयास एक होकार पुरेसा होता. तो त्यांनी दिला नाही. सत्याणुव्रतावरची प्रवचने पुष्कळ ऐकावयास मिळतात. ज्याने पंगतीतून उठविले त्याच्यासाठी ते व्रत पाळणे ही निराळी गोष्ट होय.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. लोखंडी फाळाने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. माल खपवावयाचा तर गावोगाव हिंडून, शेतकऱ्याशी तासन्‌तास बोलून खपवावा लागे. या फिरतीत त्यांनी खेड्यातील कर्ज आणि निरक्षरता जवळून पाहिली. विक्रेत्याची फिरती वाया जात नाही, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले. मुलांनी शेतात राबावे, स्वतः स्वयंपाक करावा, एका पंगतीत जेवावे आणि शिकावे, अशी ती रीत होती. ज्या भोजनगृहाच्या दारातून ते परत फिरले होते, तेच त्यांनी आपल्या शाळेचा पाया केले.

या शाळेची खरी किंमत मात्र घरातून दिली गेली. पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्याच सधन घरातील, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. निरनिराळ्या जातींची मुले आपल्या घरात वावरणार, चुलीपर्यंत येणार, हे त्यांना प्रथम जड गेले. ते स्वाभाविकच होते. तत्त्व पतीला पटले म्हणून पत्नीच्या हाताची सवय एका दिवसात बदलत नाही. परंतु पुढे त्याच मुलांच्या त्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना मोडला गेला. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा संस्थेचे मोठे दिवस अजून दूर होते. सन्मानाच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव आले नाही, आणि ही उणीव भाऊरावांच्या कीर्तीने भरून निघत नाही.

भाऊरावांना जनतेने ‘कर्मवीर’ म्हटले. शासनाचा पद्मभूषण किताब १९५९ मध्ये मिळाला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या माणसाला डी.लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी ते निवर्तले. मान आला तो असा, काम सुरू झाल्यावर चाळीस वर्षांनी. तोवर ज्याच्या बळावर ते चालले, ते प्रमाणपत्राहून वेगळे होते : एखादा अनवाणी आलेला मुलगा मास्तर होऊन दुसऱ्या गावी निघालेला पाहणे.

हिंगोली जिल्ह्यात आजही अशा कामाला जागा आहे. दिवाळीच्या आगेमागे अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुले गावातच राहतात, शिकतात, जेवतात. परंतु सायंकाळी त्यांच्याजवळ बसून वाचून घेणारे, आजारी मुलाच्या उशाशी जागणारे माणूस कोणत्याही योजनेत आपोआप येत नाही.

हंगाम संपला की कुटुंबे परततात. अक्षय्य तृतीया त्या सुमारासच येते. भगवान ऋषभदेवांच्या पारण्याची आठवण म्हणून आपल्या घरांतून, मंदिरांतून उसाचा रस दिला जातो. त्या दिवसांत कोयते घेऊन परतलेल्या आईला, सहा महिन्यांत थोडा उंच झालेला मुलगा दारात उभा राहून पाटीवर तिचे नाव लिहून दाखवतो.