पाहुण्याला आधी विहीर दाखवावी

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही ऑफिसातून आठ दिवसांची रजा टाकून महाड तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. दीड एकर जमीन, भाताची चार खाचरे, दोन म्हशी, सात-आठ रातांब्यांची झाडे आणि एक विहीर, एवढाच आमचा पसारा. तिथे आई, दादा आणि वहिनी राहतात. भातावर वर्ष निघत नाही, म्हणून दादाने घरालगत दोन खोल्या बांधल्या. रायगड किल्ला, गांधारपाले लेणी, चवदार तळे पाहायला येणारी माणसे तिथे उतरतात आणि वहिनीच्या हातची तांदळाची भाकरी खातात. त्या पैशातून पुतणीच्या नर्सिंगची फी भरली जाते. म्हणून पाहुणा नाराज होऊन जाऊ नये, ही घरातल्या सर्वांची काळजी.

उन्हाळ्याचे शेवटचे पंधरा दिवस कोकणातल्या शेतकऱ्याला विसावा नसतो. रोहिणी नक्षत्र लागले की धूळवाफेची पेरणी. लाकूडफाटा कोरड्या जागी भरायचा, फुटकी कौले बदलायची, सुकट आणि सुके बोंबील डब्यात बंद करायचे. रातांबे फोडायचे, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या. तेव्हा कुठे आमसूल तयार होते. त्यात वळवाची सर आली की सारे घर अंगणाकडे धावते.

त्या आठवड्यात मुंबईहून सात माणसे आली होती. माणसे चांगली. मुलांनी रातांबे फोडू लागून बोटे लाल करून घेतली. पण पहिल्याच दिवशी सकाळी दहाच्या आत गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी झाली. गोठ्यात म्हशी हंबरू लागल्या. दादाने विहिरीत वाकून पाहिले तर तळाचे दगड दिसत होते.

शहरातल्या माणसाला हे खरे वाटत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग पाण्याची टंचाई कशी? पण हा पाऊस बहुतेक चार महिन्यांतच पडतो. उताराची जमीन, सच्छिद्र जांभा दगड. पाणी वाहून जाते, झिरपून जाते. मे महिन्यात आमच्या विहिरीला रात्रभरात जे पाझरते, तेवढ्यावरच दुसरा दिवस काढावा लागतो.

आम्ही बी. कॉम. झालेलो, हिशेबाची सवय. हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या सहासष्ट बादल्या. आम्ही लगेच एक पुठ्ठा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘पाणी जपून वापरा’ असे लिहिले आणि न्हाणीघराच्या दाराला लावले. दुपारी पाहतो तर पुठ्ठा जागेवर नाही. आईने काढून चुलीजवळ ठेवला होता.

आम्ही विचारले तर म्हणाली, “या घरात पाण्याला नाही म्हणायचं नाही. माझ्या डोळ्यांदेखत तर नाहीच.”

आम्ही गप्प झालो. आमच्याच तालुक्यात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याचा कोर्टातील अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. पण खेड्यापाड्यातील विहिरी त्यानंतरही लगेच मोकळ्या झाल्या नाहीत. आईच्या लहानपणी, १९६० च्या आसपास, ती कळशी घेऊन विहिरीपासून दूर उभी राहायची. कोणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर तास-दोन तास ऊन. सभांमधून हा इतिहास आम्ही अनेकदा सांगितला आहे. पण पुठ्ठा लिहिताना आम्हाला आई आठवली नाही, याची लाज वाटली.

मात्र म्हशींना पाणी हवे होते, हेही खरेच होते.

त्या रात्री वादळी वारा सुटला आणि वीज गेली. सकाळी पंप बंद. पाहुण्यांपैकी कुटुंबप्रमुख गृहस्थ बादली घेऊन आले. दादा काही बोलला नाही. त्याने दोर त्यांच्या हातात दिला. ते विहिरीवर वाकले, तळ पाहिला आणि थबकले. मग त्यांनी पाणी ओढले. चार बादल्यांत तळहात लाल झाले. पाठोपाठ मुलेही आली. त्या दिवशी सातही माणसांचे सर्व काही वीस बादल्यांत भागले. त्यांच्या पत्नीने तांदूळ धुतलेले पाणी स्वतः नेऊन अळूला घातले.

संध्याकाळी ओटीवर बसल्यावर आईने त्यांना आपल्या लहानपणच्या विहिरीची गोष्ट सांगितली. ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आजी, काल आम्हाला सांगायचं होतं.”

आई म्हणाली, “सांगायचं नसतं बाबा. दाखवायचं असतं.”

आता घरात रीतच पडली आहे. पाहुणा आला की पाणी द्यायचे, चहा द्यायचा आणि खोली उघडण्याआधी विहीर दाखवायची. पुठ्ठ्याची गरज उरली नाही.

आम्हीही एक हिशेब नव्याने मांडला. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर तीन लाख लिटर पाणी होते. ते सारे पागोळ्यांवाटे अंगणातून ओढ्याला जाते. त्यातले थोडे जरी विहिरीजवळच्या खड्ड्यात मुरवले तरी उपयोग होईल. दादाने गाळ काढायला घेतला आहे, खड्ड्याचा खर्च आम्ही बोनसमधून देणार आहोत. ज्या बांधवांची गावी थोडीफार जमीन आहे, त्यांनीही आपल्या छपराचा हिशेब करून पाहावा.

निघताना त्या मुलांनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या, अर्ध्याच भरा म्हणाली. आईने त्या काठोकाठ भरून दिल्या.