फॉर्मवर फक्त ‘काळा डाग’

सोमवार, ७ जुलै २०२५, मुलुंड
काल रविवार, त्यात आषाढी. आज लॅबमध्ये डब्यांची रांग. घाटकोपरहून आलेल्या फॉर्मवर एकच ओळ : ‘नाकाजवळ काळा डाग, ? मेलानोमा’. बाई ६८ वर्षांच्या. फॉर्मवरचं ते प्रश्नचिन्ह घरच्यांनी वाचलं असणार, आणि गूगलवरही पाहिलं असणार. तुकडा छोटा, डाग काळाकुट्ट, पण कड जरा उचललेली आणि तकतकीत. कडांना शाई लावून तुकडा पुढे दिला. ती कड बघून माझा अंदाज झालाय, पण अंदाजावर सही करता येत नाही.

मंगळवार, ८ जुलै
अंदाज खरा निघाला. बेसल सेल कार्सिनोमा. गडद जांभळ्या पेशींची बेटं, प्रत्येक बेटाच्या कडेला पेशी एकमेकींना खेटून एका ओळीत उभ्या, आणि बेट व भोवतालची ऊती यांच्यात बारीक फट. ही फट तुकडा आकसल्यामुळे पडते, शरीरात ती नसते. तरी याच गाठीत ती इतकी हटकून पडते की आम्ही तिच्यावर विसंबतो. बेटांमध्ये मेलॅनिन खच्चून भरलेलं. डाग काळा दिसतो तो त्यामुळे.

आमची पाठ्यपुस्तकं गोऱ्या कातडीवर लिहिलेली. त्यांत ही गाठ गुलाबी असते. आपल्याकडे ती बरेचदा काळीच येते, आणि काळं दिसलं की लोक थेट मेलानोमावर उडी मारतात. खरं तर कातडीच्या तीन मुख्य कॅन्सरांतला हा सर्वांत मवाळ. दूर पसरणं जवळजवळ नाहीच. मात्र वर्षानुवर्षं ठेवला तर नाकाची कूर्चा खाऊन आत शिरतो. सर्जनना फोन केला. ते म्हणाले, ‘‘मॅडम, घरच्यांना तुम्हीच सांगा ना.’’ सांगितलं.

बुधवार, ९ जुलै
बोरिवलीची केस. सत्तरीच्या आजी, ‘उजवी कंबर, न भरणारी जखम’. गजकर्ण समजून बरेच दिवस मलम लावलेलं. स्लाइड सोपी होती : स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. पेशी अजून कातडी व्हायची सवय विसरलेल्या नाहीत, केराटिन तयार करतात, पण भलत्याच जागी. आडव्या कापलेल्या कांद्यासारखी वेटोळ्यात वेटोळी. दोन पेशींना जोडणारे बारीक धागेही दिसले.

स्लाइडने ‘काय’ ते सांगितलं, ‘का’ ते नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं, कंबरेवर नेमकी कुठे? परकराची नाडी बसते तिथे, बरोबर त्या रेषेत. आधी तिथे काळपट पट्टा, मग खाज, मग जखम.

हे मुंबईला नवं नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असताना डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली घट्ट नेसलेल्या धोतरामुळे कंबरेला होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं. पुढे साडीचा आला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीचं नाव पुढे केलं. त्यांच्या दोन रुग्णांपैकी एक बाई लुगडं नेसणारी होती, आणि तिच्या जांघेतल्या गाठीपर्यंत रोग गेला होता. ऐंशी वर्षांत कपडा बदलला, गाठ मारायची जागा तीच. सल्ला अगदी साधा आहे : नाडी सैल बांधा, रोज जागा बदला. आजींना तो कोणी दिला नसावा.

गुरुवार, १० जुलै
गुरुपौर्णिमा. एका जुन्या विद्यार्थ्याने पेढे पाठवले आणि त्यांच्यासोबत बायॉप्सीचा डबा. त्याचीच केस. साठीचे गृहस्थ, टाचेला जखम. दरवर्षी वारीला चालत जातात, म्हणून वारीतला फोड समजून कुरूपाच्या पट्ट्या लावत राहिले. जखम लालसर, कडेला पुसटसा काळेपणा. पोराने फॉर्म मात्र नीट भरलाय : जागा, मुदत, आधी काय लावलं, सगळं. शिवाय ब्लेडने वरचा थर खरवडून पाहिल्याचं लिहिलंय. टाचेला घासून रक्त साकळलं असतं तर काळेपणा निघून आला असता. तो निघाला नाही.

शुक्रवार, ११ जुलै
टाचेच्या स्लाइडवर ना बेटं, ना केराटिन. सैल, मोठ्या पेशी, ठळक केंद्रिका, रंग नावाला. अशा वेळी डोळ्यावर भिस्त ठेवू नये. मेणातला ब्लॉक पेशींचं मूळ ओळखणाऱ्या मार्कर्सच्या तपासणीला पाठवला.

सोमवार, १४ जुलै
एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५, तिन्ही पॉझिटिव्ह. केराटिनचा मार्कर निगेटिव्ह. मेलानोमा. ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की मेलानोमात रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची. ती मिलिमीटरमध्ये मोजून लिहायची. इथे वर व्रण, म्हणून व्रणाच्या तळापासून मोजली. चारच्या पुढे गेली. पुन्हा मोजली.

म्हणजे काळाकुट्ट डाग मवाळ निघाला आणि हा फिकट जीवघेणा. आपल्या लोकांत मेलानोमा बरेचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली धरतो. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याचा डाग फुटबॉलची इजा म्हणून सोडून दिला होता. तो १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. आपल्याकडे टाचेच्या काळ्या ठिपक्याला चप्पल चावली म्हणतात.

बुधवार, १६ जुलै
कातडीच्या नमुन्यांसाठी वेगळा फॉर्म केला. जागा बोटाने दाखवता येईल असं शरीराचं चित्र, तळपायांसकट. किती दिवसांपासून? जुना भाजल्याचा वण आहे? कंबरेला रोज काय (परकर, साडी, धोतर) आणि किती घट्ट बांधता?

काउंटरवरची मुलगी वाचून म्हणाली, ‘‘मॅडम, हे शेवटचं पुरुषांना कसं विचारू?’’

म्हटलं, त्यांनाच आधी विचार. खानोलकरांचे पेशंट धोतरवालेच होते.

‘‘आता कोण नेसतं?’’ म्हणाली, आणि ‘धोतर’च्या पुढे स्वतःच्या हाताने ‘बेल्ट’ लिहिलं.