एकाच नावाची दोन कार्डे

पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. कार्डाने साधारण दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज हा ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते आणि तेवढ्यात पडदा क्षणभर काळा होतो. आळे येथील प्रस्तुत लेखकाच्या घरच्या संगणकावर हे वारंवार घडू लागले, तेव्हा पहिला संशय कमीजास्त होणाऱ्या विजेच्या दाबावर गेला, परंतु यूपीएस लावूनही फरक पडला नाही. जुना ड्रायव्हर काढून त्याच नावाच्या कार्डासाठीचा अलीकडचा ड्रायव्हर टाकू जाता, योग्य कार्डच सापडत नाही असा संदेश आला आणि दुरुस्तीला बोलावलेल्या तंत्रज्ञाने ‘कार्ड गेलंय, नवीन घ्या’ असा निकाल दिला.

कार्ड मात्र गेले नव्हते. ते ‘जीटी ७३०’ होते आणि जून २०१४ मध्ये बाजारात आलेल्या या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. काही कार्डांवर २०१० मधली फर्मी, तर काहींवर २०१२ मधली केप्लर रचना होती. फर्मीचा ड्रायव्हर ३९० च्या मालिकेत २०१८ मध्ये थांबला, केप्लरचा ४७० च्या मालिकेपर्यंत चालला. म्हणजे खोक्यावरचे नाव तेच असूनही केप्लरला चालणारा अलीकडचा ड्रायव्हर फर्मीला ओळखतही नाही. फरक कळतो तो विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधील कार्डाच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडल्यावर, जिथे ‘डीईव्ही’ या अक्षरांपुढे ०एफ०२ असेल तर फर्मी आणि १२८७ असेल तर केप्लर असे ओळखता येते. या कार्डावर ०एफ०२ निघाले. जुन्या रचनेला कंपनीने किती काळ पोसावे याला मर्यादा असणारच, त्यामुळे ड्रायव्हर थांबणे हा अन्याय म्हणता येत नाही. पण पैसे मोजणाऱ्याला आपण कोणती चिप घेतो आहोत हेच कळू नये, हा निखालस अन्याय आहे. आमच्याच जुन्नर तालुक्यात, खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत, ३० अँटेनांचे संकेत जुळवण्यासाठी ग्राफिक्स प्रोसेसर वापरले जातात. तिथे चिप आणि ड्रायव्हर यांचा मेळ पाहायला अभियंते असतात, घरातल्या ग्राहकाजवळ फक्त खोके असते.

पुढचे काम सोपे होते. इंटरनेट आधी तोडावे, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवते. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या घटकांनिशी सुरू करून, ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुने अवशेष पुसावेत आणि विंडोज पुन्हा नेहमीसारखे सुरू करून ३९१.३५ हा ड्रायव्हर टाकावा. त्यानंतर पडदा स्थिर झाला. तरीही या ड्रायव्हरला आता सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असेल, तर एवढ्या खटाटोपाने वाचवलेले हे कार्ड काढून मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लावणेच अधिक योग्य.